मेडनहेडचा चाचा

डॉ. सबनीस सभेला येताना उशी घेऊन येत.

आमच्या मराठी मंडळाच्या सभा मेडनहेडच्या स्काउट हॉलमध्ये भरत. तिथल्या खुर्च्या प्लास्टिकच्या आणि दहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. सभा सुरू झाली की अर्ध्या तासात माणसं चुळबुळ करू लागत, तासाभरात एका बाजूवरचा भार दुसऱ्या बाजूवर टाकत आणि दीड तासानंतर कुठल्याही ठरावाला हात वर करायला तयार होत. सबनीस मात्र आपली काश्मिरी भरतकामाची उशी खुर्चीवर ठेवत, तिच्यावर दोनदा थापटी मारत आणि बसत. शेजारी चहाचा थर्मास. "सभा डोक्यानं जिंकत नाहीत, बुडानं जिंकतात," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी तेव्हा नागपूरहून वर्क परमिटवर नवीन आलो होतो आणि हे इंग्लंडचं काहीतरी संसदीय ज्ञान असावं असं मला वाटलं होतं.

ते भूलतज्ज्ञ होते. तीसेक वर्षं इथल्या हॉस्पिटलांत माणसं झोपवून ते निवृत्त झाले आणि मग सुई न वापरता तेच काम सभांमधून करू लागले. हा विनोद मंडळातल्या प्रत्येकानं, तो स्वतःलाच सुचला आहे अशा समजुतीनं, मला एकदा तरी ऐकवलेला आहे; म्हणून मीही तो इथे एकदा उरकून घेतो.

सबनीसांचं बोलणं "तीन मुद्दे आहेत" या वाक्यानं सुरू होई. तिसरा मुद्दा मी कधी ऐकला नाही. पहिल्याला चार पोटमुद्दे असत, त्यांतल्या दुसऱ्याला एक ऐतिहासिक पार्श्वभूमी असे आणि पार्श्वभूमी सांगलीतून निघे. मी मंडळाचा चिटणीस होतो, म्हणजे त्या वर्षीच्या निवडणुकीच्या वेळी मी चहा आणायला बाहेर गेलो होतो. दर पाच मिनिटांनी ते माझ्याकडे बोट करून म्हणत, "चिटणीस, नोंद घ्या." मी नोंद घेई. नोंद घेतली की ते ती वाचून दाखवायला लावत आणि तिच्यातलं शुद्धलेखन तपासत. एकदा गुढीपाडव्याचं श्रीखंड घरी करायचं की हाउन्सलोच्या दुकानातून आणायचं, या विषयावर त्यांनी एक तास दहा मिनिटं घेतली. शेवटी श्रीखंड हाउन्सलोहूनच आलं, पण ते सबनीसांची लेखी हरकत नोंदवून आलं.

अशा माणसाला एखादा खरा विषय मिळाला तर काय होईल याची मला धास्ती होती. तो विषय शेखर राजवाडेनं मिळवून दिला.

शेखर आमचा अध्यक्ष. वय चाळीस, व्यवसाय कन्सल्टंट. कसला कन्सल्टंट, असं विचारलं की तो "चेंज" असं म्हणे. त्यानं अध्यक्ष झाल्यावर मंडळाला व्हिजन दिलं, व्हिजनची स्लाइड दिली, आणि कार्यकारिणीच्या सात जणांना गळ्यात घालायचे पट्टे दिले, ज्यांवर आमची नावं होती. आम्ही सात जण एकमेकांना पाच वर्षं ओळखत होतो. शेखर वाईट माणूस नव्हता. कोणाची आई विमानतळावर अडकली तर हीथ्रोला पहिली गाडी त्याची पोचे. त्याला फक्त स्वस्थ बसलेली गोष्ट बघवत नसे.

मंडळाची घटना सत्तरच्या दशकात सात डॉक्टरांनी मिळून लिहिली होती आणि तिचं चौथं कलम होतं: "मंडळाचे कामकाज मराठीतून चालेल." शेखरचा प्रस्ताव होता की ते इंग्रजीतून चालावं.

त्याचं म्हणणं अगदीच वावगं होतं असं मी म्हणणार नाही. काहींच्या बायका गुजराती होत्या, एकीचा नवरा वेल्श होता. इथे जन्मलेली पोरं सभेत कोपऱ्यात बसून जांभया देत. कौन्सिलला काही कळवायचं तर मला माझीच इतिवृत्तं पुन्हा इंग्रजीत लिहावी लागत. शेखर म्हणाला, "काका, आपल्याला इन्क्लुझिव्ह व्हायचंय. भाषा घरी आहेच ना सगळ्यांच्या. मीटिंग म्हणजे फक्त अॅडमिन आहे."

सबनीस उठले. "तीन मुद्दे आहेत," ते म्हणाले.

पहिला मुद्दा असा की मराठी बंद करण्याचा हा प्रस्ताव इंग्रजीत मांडलेला आहे. म्हणजे मंजूर होण्याआधीच त्याची अंमलबजावणी झालेली आहे. म्हणजे तो घटनाबाह्य आहे. शेखरनं स्लाइड मागे नेली, पुढे नेली. सबनीस या एका मुद्द्यावर पावणेदोन तास बोलले. आमचं बुकिंग दोन ते पाच. पाचला लाइन डान्सिंगच्या बायका यायच्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, डोक्याला काउबॉय हॅट, कमरेला झालरी. सबनीसांनी त्यांच्याकडे पाहून मान लववली, उशी उचलली आणि म्हणाले, "चर्चा अपूर्ण. नोंद घ्या."

इथे घटनेचं नववं कलम सांगायला हवं. चर्चा पूर्ण झाल्याखेरीज कुठल्याही दुरुस्तीवर मतदान घेता येत नाही, आणि बोलू इच्छिणारा प्रत्येक सभासद बोलून झाल्याखेरीज चर्चा पूर्ण होत नाही. हे कलम कोणी लिहिलं होतं ते वेगळं सांगत नाही.

दुसऱ्या सभेला सबनीस उशी, थर्मास आणि तीन फायली घेऊन आले. फायलींमध्ये मंडळाची पहिल्यापासूनची इतिवृत्तं होती. मराठीतून कामकाज कसं चालत आलं आहे याचा पुरावा म्हणून ती सर्व सभेपुढे वाचून दाखवणं त्यांना आवश्यक वाटत होतं. ते वाचू लागले. कोणत्या दिवाळीला कोणाच्या बैठकीच्या खोलीत किती माणसं जमली, हार्मोनियम कोणाच्या गाडीतून आली, वाटेत तिची कोणती पट्टी निखळली. "सौ. सबनीस यांनी आणलेल्या साटोऱ्या कमी पडल्या, याबद्दल सभा खेद व्यक्त करीत आहे," हे वाक्य वाचून त्यांनी थर्मास उघडला, दोन घोट घेतले, आणि पुढल्या वर्षाकडे वळले. सौ. सबनीस जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलं नाही.

सव्वाचार वाजता शेखरचा धीर सुटला. "काका, प्लीज," तो म्हणाला. "धिस इज अ फिलिबस्टर."

सबनीस थांबले. दुसऱ्या कोणाच्या बोलण्यामुळे थांबण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. "म्हणजे काय?"

"म्हणजे... बोलून बोलून बिल अडवून ठेवतात ना, अमेरिकेत वगैरे. तसं."

"शब्द माझ्यासाठी वापरलास की भाषणासाठी?"

शेखर गोंधळला. "दोन्ही," तो म्हणाला.

"चिटणीस, नोंद घ्या. स्पेलिंगसकट."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात बसलो होतो तर त्यांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "केदार, त्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, बोलून बोलून कायदा रोखणारा लोकप्रतिनिधी. आणि दुसरा, जो माझ्या कातालान कोशात पहिला दिलाय, तो काय असेल? सांग."

मी म्हटलं, काका, माझी मीटिंग आहे.

"चाचा. समुद्रावरचा लुटारू. कॅरिबियन समुद्रात स्पॅनिश जहाजं लुटणारा. मूळ डच, मग फ्रेंच, मग स्पॅनिश, मग कातालान. फिलिबुस्तेर. आघात शेवटी द्यायचा."

बार्सिलोनाच्या बाजूला कातालान नावाची एक भाषा बोलतात एवढं मला ठाऊक होतं. सांगलीच्या माणसाच्या मेडनहेडमधल्या घरात तिचा कोश का असावा, हे मला कळेना. शिवाय हे दोन्ही अर्थ इंग्रजी कोशातही मिळाले असते. मी तसं विचारलं.

"इंग्रजी कोशावर या बाबतीत विश्वास ठेवू नये," ते म्हणाले. "यांचे निम्मे चाचे पुढे सर झाले." आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून ते बदलले. म्हणजे सुधारले नाहीत, खूश झाले. आजवर लोकांनी त्यांना चिकट, हेकट, विक्षिप्त असं बरंच काही म्हटलं होतं, पण ते सगळं घरगुती होतं. हा शब्द सात समुद्रांवरून आला होता आणि त्याला तलवार होती. मंडळाला पाठवायच्या ईमेलखाली ते "आपला नम्र, चाचा सबनीस" अशी सही करू लागले. अध्यक्षांच्या पत्रात र्‍हस्वदीर्घाची चूक सापडली की ती "पकडली" असं न म्हणता "लुटली" असं म्हणत. त्यांच्या शेजारी एक पंजाबी कुटुंब राहत असे. ती मंडळी त्यांना कित्येक वर्षं प्रेमानं चाचाजी म्हणत आली होती. सबनीसांनी एके दिवशी कुंपणावरून त्यांना सविस्तर समजावून सांगितलं की आमच्या भाषेत याचा अर्थ समुद्री दरोडेखोर असा होतो आणि ही उपाधी मला नुकतीच रीतसर मिळालेली आहे. तेव्हापासून ते कुटुंब त्यांना डॉक्टरसाहेब म्हणू लागलं.

माझी स्वतःची समजूत अशी झाली होती की हा एक निव्वळ हट्ट आहे. भाषेचा अभिमान वगैरे गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. तो बाळगणारी माणसं बहुधा दुसऱ्याची भाषा सुधारायला निघालेली असतात. सबनीसांचंही तसंच असावं असं मी धरून चाललो होतो. खटकायची ती एकच गोष्ट. त्यांचा मुलगा कॉव्हेंट्रीला असे, त्याची मुलगी रिया तेव्हा बारातेरा वर्षांची. एकदा मी त्यांच्याकडे फायली परत द्यायला गेलो असताना तिचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "आबा, मी या वीकेंडला येणार नाही. माझा परीक्षा आहे."

मी सबनीसांकडे पाहिलं. या माणसानं माझ्या इतिवृत्तातला एक अनुस्वार दोन सभा चालवला होता.

"बरं," ते म्हणाले. "चांगला दे."

तिसऱ्या सभेची नोटीस आली तेव्हा शेखरनं अभ्यास केलेला दिसत होता. घटनेच्या अकराव्या कलमात त्याला एक वाक्य सापडलं होतं: "सभा चालवण्याच्या पद्धतीबाबत अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील." त्याआधारे त्यानं जाहीर केलं की प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं मिळतील. सगळे बोलून झाले की चर्चा पूर्ण, आणि मग मतदान. मी सबनीसांना फोन करून विचारलं की हे कलम असं मोकळं कसं सोडलंत. पलीकडे घटनेची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ते लिहिलं तेव्हा अध्यक्ष मी होतो."

शेखरला भांडण नको होतं. त्यानं मला सांगितलं, तू जाऊन काकांशी बोल, त्यांना म्हणावं, सन्मानानं मागे घ्या, तुम्हाला आपण मानद सल्लागार करू. गळ्यातला पट्टा तयार होता. सोनेरी अक्षरांचा.

बुधवारी दुपारी मी अर्धी रजा टाकून त्यांच्याकडे गेलो. घर बंद. शेजारच्या पंजाबी बाईंनी सांगितलं की बुधवारी आणि शनिवारी डॉक्टरसाहेब नदीकडच्या नर्सिंग होममध्ये असतात. मला वाटलं तिथे विनामूल्य भाषणं देत असतील. ऐकणारे उठून जाऊ शकत नाहीत अशी ती जागा.

होममधल्या मुलीनं मला एका खोलीकडे बोट दाखवलं. दार उघडं होतं. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत एक गोऱ्या, सुरकुतलेल्या बाई बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित. डाव्या हातानं त्या हवेत काहीतरी आखत होत्या, दाखवत होत्या, आणि बोलत होत्या. सलग, भरभर, मला एक अक्षरही न कळणाऱ्या भाषेत. सबनीस समोर बसले होते. मांडीवर तो जाडजूड कोश, मिटलेला, त्यात एक बोट. ते ऐकत होते.

मी दारात उभा राहिलो. मग बाहेरच्या बाकावर बसलो. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगतो, मी तिथे असताना त्या बाई पस्तीस मिनिटं बोलल्या आणि सबनीस मध्ये एकदाही बोलले नाहीत. एकदा त्यांनी कोश उघडला, पान शोधलं, मान हलवली आणि उठून खिडकी बंद केली. बाई हसल्या आणि पुढे बोलू लागल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते नुसते शेजारी येऊन बसले.

त्या बाईंचं नाव नुरिया. त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. बावीस वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे होते. ती विशीत कातालान खेड्यातून इथे आली, इंग्रज माणसाशी लग्न केलं, पन्नास वर्षं इंग्रजीत राहिली. नवरा गेला, मुलगी ऑस्ट्रेलियात. मग स्ट्रोक आला आणि इंग्रजी गेलं. सगळं. लहानपणचं तेवढं राहिलं. होमवाल्यांना वाटलं ती स्पॅनिश बोलतेय, म्हणून त्यांनी मोठ्या मिनतवारीनं एक स्पॅनिश बोलणारी केअरर आणली. नुरियानं तिच्याकडे तोंड फिरवलं. "त्यांना वाटलं, पेशंट भांडखोर आहे," सबनीस म्हणाले. "मी कोश मागवला. कॅसेटी मागवल्या. या वयात काही डोक्यात राहत नाही रे. निम्मं कळतं."

"नेहमी असंच होतं का, काका?"

"नेहमी नाही. कधी दोन्ही भाषा जातात, कधी दोन्ही राहतात. पण मी हे पाहिलंय ना आता." त्यांनी कोश मांडीवर सरळ केला. "माझं इंग्रजी उद्या असं गेलं, तर या गावात मला पाणी कोणाकडे मागता येईल? मुलगा कॉव्हेंट्रीत. त्याला मराठी येते, पण त्याला यायला दोन तास. रियाचं तू ऐकलंसच. शेखर म्हणतो, भाषा घरी आहेच. घरी मी एकटा आहे, केदार. मी मराठी बोलतो ती या सभेत."

मी म्हटलं, हे तुम्ही सभेत सांगा. तीन मिनिटं पुरतात. दुरुस्तीला दोन तृतीयांश मतं लागतात; एकही हात वर होणार नाही.

"छे," ते म्हणाले. "सभेत मुद्दे मांडायचे असतात. स्वतःचं दुखणं मांडलं की ती भीक झाली. त्यापेक्षा चाचेगिरी परवडली." आणि मग डॉक्टरच्या आवाजात, "तूही सांगायचं नाहीस. पेशंटचं नाव त्यात येतं."

मी सोनेरी पट्ट्याचा विषय काढला नाही.

तिसऱ्या सभेला हॉल भरला होता. नाटकाला एवढी माणसं येत नाहीत. शेखरनं टेबलावर अंडी उकडायचा टायमर ठेवला होता, कोंबडीच्या आकाराचा. सबनीस उशीवर बसले. या वेळी फायली नव्हत्या. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले आणि मी पेन खाली ठेवलं. मला खात्री होती, आता बोलतील.

"अध्यक्षमहाराज," ते म्हणाले, "नोटीस एकवीस दिवस आधी निघायला हवी. ती निघाली वीस दिवस आधी. ज्या दिवशी ती टपालात पडली तो दिवस मोजायचा की नाही, या विषयी घटना मौन आहे." आधीच्या चार नोटिशींच्या तारखा त्यांनी तोंडपाठ सांगितल्या. "परंतु मराठीत 'पासून' या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ—"

कोंबडी वाजली.

सबनीसांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ उघडे होते. मग ते बसले. वाक्य अर्धं टाकून बसलेले सबनीस मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, आणि त्या अव्ययाचा अर्थ त्यांनी मला अजूनही सांगितलेला नाही.

माझं नाव यादीत नव्हतं. चिटणीस बोलत नसतो. तरी मी हात वर केला आणि माझी तीन मिनिटं मागून घेतली. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. म्हातारपणी माणसाला कुठली भाषा उरते हे आपल्याला ठाऊक नसतं, असं काहीतरी बोललो; कोणाचं नाव घेतलं नाही. लोकांना ते जरा भावनिक वाटलं. कोणीतरी घड्याळ पाहिलं. शेखर म्हणाला, "थँक्स केदार, व्हेरी व्हॅलिड," आणि ते वाक्य कुठे जातं ते मला ऑफिसमुळे माहीत होतं.

ठराव मंजूर झाला. विरोधात चार हात होते. सबनीस, मी, कार्यकारिणीतल्या कुलकर्णीकाकू, आणि शेखरच्या सासूबाई. या सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि सभेत काय चाललं आहे हे त्यांना पूर्ण कळत होतं. त्या सभासद नसल्यानं त्यांचं मत बाद झालं. शेखरनं ते स्वतः जाहीर केलं, पण सासूबाईंकडे न पाहता.

ते इतिवृत्त मी मराठीत लिहिलं. त्यानंतरचं इंग्रजीत. सबनीस पुढच्या सभेला आले, पहिल्या ओळीत बसले, आणि एक शब्द बोलले नाहीत. सभा चाळीस मिनिटांत संपली. शेखर सर्वांना म्हणाला की बघा, किती एफिशियंट. पण तो खूश दिसत नव्हता. निघताना त्यानं सबनीसांना विचारलं, "काका, बरं आहे ना?" काकांनी त्याला इंग्रजीत सांगितलं की अगदी उत्तम.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. तुम्ही मुलं मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहिता, ते कसं लिहिता, असं त्यांनी विचारलं. हा प्रकार त्यांना इतका किळसवाणा वाटत असे की त्यावर त्यांनी एकदा निषेधाचा ठराव आणला होता. मी गेलो. टेबलावर एक कागद होता, त्यांच्या सुवाच्य अक्षरातला. दोन रकाने. डावीकडे रोमन लिपीत मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ.

"केअररला वाचता यायला हवं," ते म्हणाले. "ती पोलंडची असेल, घानाची असेल. तिनं मोठ्यानं वाचलं तर मला कळलं पाहिजे. तू स्पेलिंग बघ."

मी वाचू लागलो. पाणी. थंडी वाजते. चष्मा. इथे दुखतं. चहात साखर नको. दिवा राहू दे. मला हे मान्य नाही. या शेवटच्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. वीस-बावीस शब्द होते, सगळे कामाचे. मी एक-दोन ठिकाणी अक्षरं बदलली. त्यांनी प्रत्येक बदलाचं कारण विचारलं.

सगळ्यात खाली एकच शब्द होता, "अगं", आणि त्याच्यासमोरचा रकाना कोरा होता.

"काका, इथे काय लिहू?"

ते उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. तिथूनच म्हणाले, "तिथे अर्थ नाहीये. मी कधी तसं म्हणालो, तर काही आणायला धावायचं नाही. नुसतं 'काय' म्हणायचं."

मी समोरच्या रकान्यात लिहिलं, 'प्लीज से' आणि पुढे रोमनमध्ये 'काय'. त्यांनी बाहेर येऊन हात पुसले, चष्मा लावला, कागद उजेडात धरला, आणि माझ्या 'काय'मध्ये आणखी एक ए घातला.

"एवढं तुटक नव्हती म्हणत ती," ते म्हणाले.